राहीची चूल

बरोबरीत सुटलेल्या डावाचं एक बरं असतं. दोन्हीकडची माणसं घरी जाऊन आपणच जिंकलो म्हणून सांगू शकतात. एकोणीसशे चाळीसच्या पौषात मुरबाडजवळ म्हसा गावच्या जत्रेत अनंता आणि लडकू यांच्यात बुद्धिबळाचा जो डाव झाला, तो शहापूरकरांनी शहापुरात जिंकला आणि मुरबाडकरांनी मुरबाडात. हरला एकटा अनंता, आणि ते त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे आणखी एका माणसाला ठाऊक होतं. पण ते माणूस जत्रेत आलं नव्हतं. ते वैशाखरे गावी चुलीपाशी बसलं होतं.

अनंता आटगाव स्टेशनाच्या पलीकडे भात पिकवून राहणारा. बुद्धिबळ तो शिकला स्टेशनावरच्या, रूळ बदलून देणाऱ्या सांधेवाल्याकडून. दोन गाड्यांच्या मधे त्या काळी एवढा वेळ असे, की माणसाला एकतर ताडी पिता आली असती नाहीतर बुद्धिबळ खेळता आलं असतं, आणि सांधेवाला माळकरी होता. अनंता खेळ शिकून घरी आला तेव्हा गावात दुसरं कुणी खेळणारं नव्हतं. म्हणून त्यानं धाकट्या बहिणीला, राहीला, शिकवलं. निदान आपण तिला शिकवलं अशी त्याची बरीच वर्षं समजूत होती.

सारवलेल्या ओटीवर कोळशानं पट आखायचा. चिंचोके ही प्यादी, हिरडे हे हत्ती, आणि वजीर म्हणून आईच्या डब्यातली अख्खी सुपारी. देशी खेळाची त्या भागातली रीत अशी, की पहिल्या चार चाली दोघांनी एकदमच मांडून घ्यायच्या आणि मग एकेक चाल करत भांडायला लागायचं. राहीची मांडणी ठरलेली. मधली तीन प्यादी ती पुढे आणायची, चुलीचे तीन धोंडे असावेत तशी, आणि त्यांच्यामधे भांडं चढवावं तसा वजीर ठेवायची.

"हे काय गो?" अनंतानं पहिल्यांदा विचारलं होतं.

"चूल."

"आनि हे तोंड उघडं ठेवलंस ते?"

"चुलीला तोंड नसंल तर लाकूड कुठनं घालायचं?"

त्या तोंडातून अनंताचा घोडा आत शिरायचा. एका उडीत राजाला शह आणि कोपऱ्यातला हत्ती गट्टम. राही कपाळाला हात लावायची, अनंता मिशा नसताना मिशीला पीळ द्यायचा, आणि मग दोघं जेवायला बसायची. असं सात वर्षं चाललं. एकच चूक सात वर्षं करणारी बहीण मंद असली पाहिजे, असं त्याचं मत होतं. त्याला ते जाहीर सांगायलाही संकोच वाटत नसे.

बत्तीस साली राहीचं लग्न ठरलं. मुलगा वैशाखऱ्याच्या जैतू पाटलांचा लडकू. मुरबाडातून माळशेजच्या वाटेला लागलं की वैशाखरे. आटगावाहून बैलगाडीनं जायचं तर काळू नदी ओलांडून दोन दिवस. मुहूर्त सकाळी अकराचा. सकाळी आठला अनंता जानवशावर नवरदेवाची विचारपूस करायला गेला. नवरदेव हळदीच्या अंगानं पट पुसत बसला होता.

"तुमी खेळता म्हनं?" लडकू म्हणाला. "मुहूर्ताला येळ हाय. एक हात?"

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही, घडायला मात्र लागला. अकराला भटजी बोलवायला आले. दोघांनी मान वर केली नाही. सव्वाअकराला भटजी पुन्हा आले. साडेअकराला तिसऱ्यांदा आले आणि तिथेच उभे राहिले, कारण दुर्दैवानं त्यांनाही खेळ येत होता. बाराच्या सुमाराला अनंतानं "मात!" अशी जी आरोळी ठोकली ती मांडवात ऐकू गेली. वाजंत्र्यांना वाटलं लग्न लागलं. ते वाजवायला लागले. बायकांनी अक्षता टाकल्या. एकटी राही पाटावर उभी होती, तिच्या डोक्यावर पडल्या.

लग्न लागलं ते संध्याकाळी गोरजावर. जैतू पाटलांचे मानाचे पाहुणे तोवर उपाशी निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वरात निघताना जैतू पाटील उंबऱ्यात उभे राहिले आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ज्यानं माज्या पोराला लग्नाच्या दिवशी मात दिली, त्याच्या उंबऱ्याला माज्या सुनंचा पाय लागनार नाय. हा शबुद जैतूचा."

सगळ्यांना वाटलं, राग आहे, उतरेल. दिवाळसणाला उतरेल. पहिल्या बाळंतपणाला उतरेल. तिसऱ्या वर्षी जैतू पाटीलच गेले आणि मग उतरायची सोयच राहिली नाही. जिवंत माणसाच्या पाया पडता येतं, त्याला चार माणसांत भरीला घालता येतं. मेलेल्याचा शब्द म्हणजे शेताच्या बांधावरचा धोंडा. तो कुणी ठेवला हे विसरतात, पण हलवायला कुणी धजत नाही. लडकू काही वाईट माणूस नव्हता. पण बापाचा शब्द मोडला तर चार माणसं काय म्हणतील, ही काळजी त्याला होती. आणि अनंता जाऊन हात जोडता, तर काम झालं असतं असं पारू, त्याची बायको, वर्षातून दोनदा सांगे.

"मी हात जोडू? डाव मी जिंकलो व्हतो," अनंता म्हणे.

"व्हय," पारू म्हणे. "दिसतंय ना घरभर."

घरात त्याची आई होती, गोदू. तिच्या डोळ्यांत फुलं पडली होती. माणूस दारात उभं राहिलं की उजेड कमी झाला एवढंच तिला कळायचं. दारातला उजेड कमी झाला की म्हातारी विचारायची, "राही का गो?" शेजारची हौसा म्हणायची, "नाय म्हातारे, मी हौसा, विरजन मागाया आली." असं आठ वर्षं.

"आता ती मला दिसायची नाय रे," गोदू एकदा अनंताला म्हणाली. "पन हाताला तं लागंल."

हे मात्र अनंताच्या काळजात रुतलं. त्यानं मुरबाडच्या जाणत्यांकडे निरोप्या धाडला. जाणत्यांना असलं काम आवडतंच. शहापूरचे दोन, मुरबाडचे दोन आणि दोन्हीकडे सोयरीक असलेला एक, असे पाच जण बसले. दिवसभर बसून त्यांनी तोड काढली: गाठ डावानं बसली, ती डावानंच सुटावी. म्हशाच्या जत्रेत शहापूर आणि मुरबाड यांचा डाव दर साली व्हायचाच. या साली अनंता आणि लडकू बसतील. अनंता जिंकला तर जैतूचा शब्द सुटला, राहीनं महिनाभर माहेरी जावं. लडकू जिंकला तर शब्द कायम, पुन्हा तोंड काढायचं नाही. पाचही जण न्याय चोख झाल्याच्या समाधानात उठले. बरोबरी झाली तर काय, हे विचारायचं पाचांपैकी कुणालाही सुचलं नाही. पाच जाणती माणसं एकत्र बसली की असं होतंच. एकेकटा असता तर सुचलं असतं.

पौषी पुनवेला म्हशाला बैलांचा बाजार भरतो. बाजाराच्या कडेला आंब्याखाली घोंगडी अंथरली होती, तीवर पट. अनंताच्या पाठीशी शहापूर, लडकूच्या पाठीशी मुरबाड, आणि आजूबाजूला बैल. लडकू थोडा जाड झाला होता. दोघांनी रामराम केला. राही कशी आहे हे विचारायचं अनंताच्या ओठांवर आलं, पण डावाआधी असं विचारलं तर प्रतिपक्षाला कमजोरी कळेल, म्हणून त्यानं विचारलं नाही.

दोघांनी आपापल्या चार चाली मांडल्या. अनंतानं मान वर करून लडकूची मांडणी पाहिली.

तीन प्यादी पुढे. त्यांच्यामधे वजीर. डाव्या अंगाला तोंड उघडं.

बाजारात एक बैल हंबरला आणि अनंता एकदम ओटीवर जाऊन बसला, चिंचोके आणि सुपारी घेऊन. ही मांडणी जगात दुसऱ्या कुणाची नव्हती. सांधेवाल्याला माहीत नव्हती, शहापुरात कुणाला माहीत नव्हती.

"ही चाल कुठची रे?" शहापूरकडच्या एकानं विचारलं.

"घरची हाय, चूल म्हनतात हिला," लडकू जरा ऐटीत म्हणाला. "कारभारीन बोल्ली, दादाला ह्याच चालीवर हरवायची मी लहानपनी."

अनंतानं खाली पाहिलं. आठ वर्षांत बहिणीचा हा पहिला निरोप होता, आणि निरोप्याला आपण काय घेऊन आलोय हे ठाऊकही नव्हतं. ती एवढंच म्हणत होती: दादा, तोंड उघडं ठेवलंय. घोडा घाल आणि मला घेऊन जा.

अनंतानं घोडा घातला. शह. कोपऱ्यातला हत्ती गेला. लडकूनं चमकून पाहिलं आणि मान खाजवली. त्यानंतरचा डाव म्हणजे उतारावरची गाडी. दुपार कलंडेपर्यंत लडकूकडे राजा आणि एक प्यादं उरलं होतं. त्याचा राजा पटाच्या एका टोकाला कोपऱ्यात, त्याच्या पुढ्यात अनंताची दोन प्यादी भिंतीसारखी. अनंताचा हत्ती मोकळा. तो शेवटच्या ओळीत सरळ नेऊन ठेवला की मात. एक चाल. सांधेवाल्याच्या म्हशीलाही दिसली असती.

अनंतानं हत्तीला हात घातला.

"मार, मार," मुरबाडच्या बाजूनं बारकू म्हणाला. हा बारकू बैलांची दलाली करायचा. आयुष्यभर दुसऱ्याच्या बैलांचे दात मोजून त्याची जीभ तीक्ष्ण झाली होती. "बहिनीनं चूल मांडून दिली, ह्यानं आयता भात खाल्ला. काय मर्दुमकी रं!"

लोक हसले. शहापूरवालेही हसले, चांगला टोला आपल्या माणसाला बसला म्हणून काही वाया जात नाही. बारकू आपला गंमत करत होता. पण अनंताचा हात हत्तीवरच थांबला, कारण ते खरं होतं. तो जिंकला तर ती राहीची जीत. सगळी जत्रा ते सांगत घरी जाईल.

देशी बुद्धिबळात एका जिंकण्याला सगळ्यांत मोठा मान. हत्तीनं, वजिरानं कुणीही मारतो. पण यःकश्चित प्याद्यानं राजाला मात दिली, म्हणजे प्यादेमात, तर त्या माणसाचं नाव पंचक्रोशीत वीस वर्षं निघतं. अनंतानं मनात हिशेब मांडला. आणखी पाच-सहा चाली. प्यादेमात झाली की बारकूचं तोंड बंद. मग ती जीत राहीची नव्हे, त्याची.

त्यानं हत्तीवरचा हात काढला.

आता अडचण होती ती लडकूच्या एकुलत्या प्याद्याची. ते खाली सरकत अनंताच्या राजाजवळ आलं होतं, आणि ते मारायची सोय नव्हती. कारण देशी खेळातला कायदा असा, की समोरच्याचं शेवटचं मोहरं मारून त्याचा राजा उघडा पाडलात, तर तो डाव जिंकला असं होत नाही. त्याला बुर्जी म्हणतात. बुर्जी म्हणजे बरोबरी. एकट्या राजाला मारण्यात पुरुषार्थ नाही, असा कुण्या जुन्या उदार माणसाचा न्याय. तेव्हा ते प्यादं मारायचं नाही, नुसतं अडवायचं. अनंताचा राजाही कोपऱ्यात होता, त्याच्या पुढच्या घरात त्याचंच प्यादं. आपला मोकळा हत्ती आणून अनंतानं राजाच्या शेजारच्या घरात बसवला, लडकूच्या प्याद्याच्या थेट वाटेत. जागा घट्ट झाली. अनंता मागे रेलला. "आता बग," तो बारकूला म्हणाला.

लडकू पटावर वाकला. मग त्यानं आपलं प्यादं एक घर पुढे सरकवलं.

"शह," तो म्हणाला. तो इतक्या हळू म्हणाला, की त्याला स्वतःलाच खात्री नसावी.

अनंताच्या राजाला तीन घरं. एकात त्याचं प्यादं. एकात त्यानं नुकताच मोठ्या अकलेनं आणून बसवलेला हत्ती. आणि तिसऱ्यात शह देणारं ते चिंचोक्याएवढं प्यादं. पळायला जागा नाही. शह मोडायचा तर ते मारायचं, मग राजानं मारा की हत्तीनं मारा. ते मारलं की बुर्जी.

अनंता पाऊण घटका बसून राहिला. कुणी हसलं नाही, बारकूसुद्धा. शेवटी त्यानं दोन बोटांनी ते प्यादं उचललं आणि पटाबाहेर ठेवलं.

"बुर्जी!" मुरबाड ओरडलं. "बुर्जी!" शहापूरही ओरडलं, आपण हरलो नाही म्हणून.

पाच जाणते आंब्यामागे जाऊन बसले.

"बरोबरी झाली तं काय ठरलंवतं?"

"काय नाय ठरलं."

"मंग जे व्हतं ते तसंच."

"न्याय म्हंजे न्याय. पुढल्या म्हशाला पुन्हा बसवू."

लडकू घोंगडीवरून उठला. तो काही आनंदला नव्हता. अनंताजवळ येऊन तो म्हणाला, "हत्ती का न्हेला नाय रे?"

अनंता मोहरी गोळा करू लागला. लडकू म्हणाला, "घरी गाठोडं बांधून ठेवलंय तिनं. मला बोल्ली, जुनी लुगडी हायेत. मी का आंधळा हाय?" मग तो बैल जुंपायला गेला.

दोन दिवसांनी अनंता घरी पोचला. तो दारात आला तसा उजेड कमी झाला.

"राही का गो?"

"मी हाय, आये."

म्हातारी थोडा वेळ कान देऊन राहिली. मागून दुसरी पावलं येतात का ते पाहिलं असावं.

"हरलास?"

"नाय."

"जिंकलास?"

"नाय."

"मंग दिसभर केलंस काय?"

अनंतानं बुर्जी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. म्हातारीनं सगळं नीट ऐकून घेतलं. "पुढल्या म्हशाला पुन्हा बसनार हाये," तो म्हणाला.

"बस हो," गोदू म्हणाली. "मी कुठं जातंय."

ती भाद्रपदात गेली, भात पोटरीला आलं तेव्हा. वैशाखऱ्याला सांगावा गेला, आणि पाच जाणत्यांना कुणी बोलवायच्या आतच सगळ्यांना आपोआप कळलं, की मयताला असले शब्द आड येत नाहीत. त्यासाठी कुणी बसलं नाही, कुणी तोड काढली नाही. चौथ्या दिवशी लडकूची गाडी दाराशी थांबली आणि आठ वर्षांनी राहीचा पाय उंबऱ्याला लागला. उंबऱ्याला काही झालं नाही.

आईचे दिवस होईपर्यंत ती राहिली. पारूबरोबर भाकऱ्या थापल्या, हौसाला विरजण दिलं, आईच्या गोधडीची घडी घातली, ती उलगडली आणि पुन्हा घातली. डावाविषयी अक्षर काढलं नाही. अनंता तिच्या समोरून जाताना खाली बघून जायचा. त्याला वाटायचं, ही एकदा भांडली तर बरं होईल. ती भांडली नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी लडकू गाडी घेऊन आला. राहीनं गाठोडं ओटीवर आणून ठेवलं आणि तिथेच बसली.

"दादा, तो डाव मांड."

"कुठचा?"

"किती डाव घालवलेस? मांड."

अनंतानं पट आणला. मोहरी मांडली. एकही घर चुकलं नाही; आठ महिने तो डाव त्याच्या डोळ्यांपुढे तसाच होता. लडकूचं प्यादं, त्याचा राजा, राजाशेजारी हत्ती.

"हे नाय," राही म्हणाली. "ह्याच्या आदी हत्ती कुठं व्हता?"

त्यानं हत्ती पूर्वीच्या घरात ठेवला. राहीनं तो उचलला आणि सरळ शेवटच्या ओळीत नेऊन टेकवला.

"मात," ती म्हणाली.

अनंता म्हणाला, "दिसली व्हती गो मला. पन बारकू बोल्ला, बहिनीनं चूल मांडून दिली..."

"दिलीच व्हती," राही म्हणाली. "लहानपनीबी देत व्हती. तू हरलास की जेवत नव्हतास. तू नाय जेवलास की आये जेवत नव्हती. मंग मी काय करनार? ठेवायची तोंड उघडं."

सात वर्षं मंद बहिणीला हरवून तो पोटभर जेवला होता.

"आये काय बोल्ली त्या दिशी?" तिनं विचारलं.

"बोल्ली, मंग दिसभर केलंस काय?"

राही खुदकन हसली, अगदी लहानपणीसारखी. मग तिनं पदर तोंडाला लावला.

बाहेरून लडकूचा आवाज आला, "चल गो, उशीर होईल. पोचायला हवं येळेवर."

"ह्यो बोलतोय येळंचं," राही डोळे पुसत म्हणाली, आणि गाठोडं उचलून उठली. उंबऱ्यापाशी ती थांबली. "पुढल्या म्हशाला बसशील ना?"

"कशापायी बसू आता?"

"तेबी खरं," ती म्हणाली, आणि गाडीकडे गेली.

गाडी वळणापलीकडे गेली तरी अनंता ओटीवर बसून होता. पारू दुपारच्या जेवणाला बोलवायला आली तेव्हा पट तसाच मांडलेला होता, हत्ती शेवटच्या ओळीत, राहीनं ठेवला होता तिथे.

"उचलू का हे?" पारूनं विचारलं.

"र्‍हाऊ दे," अनंता म्हणाला.

त्या दिवशी तो जेवला नाही.